न फुटलेलं लिंबू

मी आठवी नापास माणूस, लिहिण्यात चूक झाली तर सांभाळून घ्या. पण आठवी नापास म्हणजे भोळा असं नव्हे हं. आमचा धंदा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा. जे दिसतं, वाजतं, वितळतं तेवढंच खरं मानायची हाताला सवय. अंगारे, दृष्ट, करणी... असलं काही कानावर आलं की मी हसायचो. घाबरट मात्र होतो, अजूनही आहे. पण माझी भीती खड्ड्यांची आणि ब्रेकची, भुतांची नाही.

साल ९५-९६ असेल. बंगळुरात नगरतपेठेच्या गल्लीत हणमंतदादांचं गलाईचं दुकान होतं. दादा आमच्या विट्याकडचेच. सोळाव्या वर्षी त्यांनी मला गावाहून आणलं. काम शिकवलं, जयनगरच्या आपल्या घरात पोटच्या पोरासारखं जेवू घातलं, पुढे गाडीही शिकवली. गाडी म्हणजे त्यांची जुनी पांढरी अ‍ॅम्बॅसेडर — वयानं माझ्याहून दोन वर्षांनी मोठी.

दादा-वहिनींच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले, पण मूल हाती लागलं नव्हतं. या खेपेला सातवा महिना लागला आणि वहिनींनी हट्ट धरला — बाळंतपण माहेरीच, विट्याला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जा, पण हळू, थांबत थांबत. ट्रेननं मिरज आणि पुढे एस.टी.चे धक्के, हे दादांना नको होतं. म्हणून गाडी. साडेसहाशे किलोमीटर!

दादा म्हणाले, "शंकऱ्या, चालवणार तू. तू 'सरी' म्हणलास तर निघायचं. न्हाई म्हणलास तर न्हाई."

'सरी' म्हणजे कानडीत 'ठीक आहे'. मला आयुष्यात कुणी एवढं मोठं काही विचारलं नव्हतं.

आमचा मेकॅनिक मुनियप्पा जवळच होता. त्यानं ब्रेक केले, रेडिएटरचा पाइप आणि फॅनबेल्ट नवीन टाकला. मी गाडी शहराबाहेर होसकोटेपर्यंत नेऊन आणली. इंजिन तापलं नाही, स्टिअरिंग ओढत नव्हतं. तरी मी परत त्याच्याकडे गेलो — पुन्हा एकदा बघ म्हणून. तो हसायलाच लागला. "अरे, गाडी सरी इदे! इतना डरता है तो बैलगाडी ले जा."

मग मी दादांना "सरी" म्हणालो.

निघायच्या दिवशी सकाळी सात वाजता गाडी दारात उभी. सामान डिकीत, वहिनी पायरीवर. त्या पुढे, डावीकडे बसणार होत्या, मागे बसलं की त्यांना मळमळायचं. दादांनी चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. बंगळुरात नवी सायकल घेतली तरी लिंबू ठेवतात, त्यात विशेष काही नाही. मी गाडी हातभर पुढे घेतली आणि उतरून बघितलं.

तीन लिंबांचा चेंदामेंदा. पुढच्या डाव्या चाकाचं लिंबू मात्र जसंच्या तसं. गोल!

"चाक बाजूनं गेलं असंल," दादा म्हणाले.

मी लिंबू उचललं. सालीवर धुळीत टायरची नक्षी उमटली होती. चाक त्याच्यावरूनच गेलं होतं... आणि रसाचा थेंब नाही.

पुन्हा ठेवलं. या वेळी दादा स्वतः उकिडवे बसून बघत होते. चाक लिंबावर चढलं, मला आत सीटवर कळलं, आणि पलीकडे उतरलं. लिंबू तसंच.

"कच्चं असंल ओ ते," वहिनी म्हणाल्या. "चला, ऊन चढतंय."

दादांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "नको."

"लिंबापायी?" दादा भडकले. "मुनियप्पानं बघितली, तू होसकोटेला नेऊन आणलीस, आणि आता लिंबू? तिथं हिचे आई-वडील वाटेकडं डोळं लावून बसल्यात!"

"दादा... तुम्हीच म्हणला होता. न्हाई म्हणलास तर न्हाई."

दादांनी स्वतःच डिकी उघडली आणि बॅग बाहेर काढली.

दादा आणि मी गाडी हळूहळू मुनियप्पाकडे नेली. त्यानं माझी खूप उडवली. "लिंबू चेक किया, अब नारियल भी चेक कर ले!" तरी चाक काढलं. आत सगळं ठीक. मग मला काय वाटलं कोण जाणे, त्याची लहान हातोडी घेऊन, चाक ज्या पोलादी दांडीवर बसतं तिच्यावर मी टिचकी मारली. आम्ही चांदीचा रुपया वाजवून बघतो ना, तशी. आवाज बद्द आला. उजवं चाक काढायला लावून तिकडची दांडी वाजवली — खणखणीत.

मुनियप्पाचं हसणं थांबलं. त्यानं डावी दांडी रॉकेलनं धुतली, कोरडी पुसली, वर खडू फासला. थोड्या वेळात पांढऱ्या खडूवर केसाएवढी ओली रेघ उमटली. दांडीला तडा होता, आत रॉकेल शिरलं होतं ते बाहेर येत होतं. तो खाली बसला आणि त्यानं स्वतःचे दोन्ही कान धरले. "हायवे पे चक्का निकल जाता," एवढंच म्हणाला.

दादांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तो घरी येईपर्यंत काढलाच नाही.

नवी दांडी बसवून तिसऱ्या दिवशी निघालो. दादांनी तेच लिंबू, त्याच चाकाखाली ठेवलं. मी हळूच गाडी हलवली. फच्चकन फुटलं, पिचकारी थेट दादांच्या पांढऱ्या लेंग्यावर! वहिनी पोट धरून हसल्या. हुबळीला मुक्काम करत सुखरूप विट्याला पोचलो. दोन महिन्यांनी मुलगी झाली, धडधाकट.

मी पुष्कळ विचार केला. तडा गेला म्हणून चाकाचं वजन थोडंच कमी होतं? मग लिंबू राहिलं कसं? मुनियप्पाला विचारलं, डोकं असलेल्या माणसांना विचारलं. आणि आठवी नापास माणसाचा 'नको' दादांनी त्या सकाळी ऐकला कसा, हेही मला अजून नवलच वाटतं.

ती मुलगी आता बंगळुरातच बेळ्ळंदूरला कॉम्प्युटरच्या ऑफिसात आहे. म्हणते, "काका, लिंबू निसटलं असेल." मी म्हणतो, "आणि नक्षी?" मग विषय बदलते. गेल्या दिवाळीत तिनं सेकंडहँड गाडी घेतली, पहिल्यांदाच स्वतः चालवत विट्याला निघाली. आदल्या दिवशी फोन — "काका, एकदा बघून जाता का?"

गेलो. हातोडी, खडू, रॉकेलची बाटली आणि चार लिंबं घेऊन.

चारही फुटली. मगच मी 'सरी' म्हणालो.