तापात सोडलेला माल

सुचित्रा देवधर चिडली की आवाज चढवत नाही, उलट हळू बोलायला लागते. सिंगापुरातल्या तुआसच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. बुकित बातोकहून रोज बसने यायची आणि क्वालिटी विभाग सांभाळायची.

कारखान्यात एक भारी प्रथा होती. वर्षभरात ज्याने एकही एमसी, म्हणजे डॉक्टरची आजारपणाची चिठ्ठी, दिली नाही, त्याचा वार्षिक जेवणात टाळ्यांच्या कडकडाटात सत्कार! मग काय, लोक फणफणत्या अंगाने कामावर हजर. चाळिशीतला निशिकांत त्यातलाच. तिच्याच विभागातला इंजिनिअर, पुण्याहून बायको-पोरीला घेऊन आलेला. भर तापात त्याने तडे गेलेले व्हॉल्व्ह ठीक म्हणून सोडले. गिऱ्हाइकाने अख्खा माल परत धाडला आणि पुढची ऑर्डर दुसऱ्यालाच दिली.

मालक मिस्टर लिम यांनी फर्मान काढलं, निशिकांतला काढायचं.

"मॅडम, पोरगी इथल्या शाळेत आत्ता कुठे रुळलीय हो," निशिकांत म्हणाला.

सुचित्राचं डोकंच फिरलं. ती तडक लिमच्या केबिनमध्ये शिरली.

"चूक त्याची आहे," लिम म्हणाले.

"एकट्याची?" ती हळू आवाजात म्हणाली. "आजारी माणसाला कामावर आल्याबद्दल टाळ्या कोण वाजवतं? तो घरी झोपला असता तर काय बिघडलं असतं? आला, म्हणून गिऱ्हाईक गेलं! त्याच्या जागी नवा आणाल, तोही खोकतच येईल."

"बस्स!" म्हणत लिमनी नोटिशीवर सही करायला पेन उचललं, तोच त्यांना खोकल्याची उबळ आली. डोळे लालभडक.

"ताप आहे तुम्हाला?"

"थोडासा. गोळी घेतलीय."

सुचित्राने पेनाखालचा कागद शांतपणे ओढून घेतला.

"हे काय चाललंय?"

"तापात सोडलेला माल केवढ्याला पडला, बघितलंत ना? मग तापात केलेली सही मी कशी चालवून घेऊ? घरी जा. बरे होऊन या, मग खुशाल काढा त्याला."

"मालक मी आहे इथला!"

"आहात ना. म्हणूनच म्हणते, तुमची चूक तर आणखी महाग पडेल. एमसी घ्या."

लिम गुमान गाडीची किल्ली घेऊन निघाले.

ठणठणीत होऊन परतल्यावर त्यांनी पुन्हा तो कागद मागितला. सुचित्राने पुढे केला. त्यांनी तो सावकाश वाचला आणि सही न करताच फाडून टाकला.