वीसची दोनशे केली, आणि सौदा थांबला

मित्रांनो, आज सकाळी माझी चूक मला भर बाजारात सापडली.

सांगलीतल्या काही हळद व्यापाऱ्यांच्या ऑनलाइन सौद्याचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. हे व्यापारी शेवटच्या मिनिटापर्यंत गप्प बसतात आणि मग सगळे एकदम बोली लावतात. त्या गर्दीत मागच्या आठवड्यात काम रेंगाळलं, म्हणून मी डेटाबेसकडे, म्हणजे बोली नोंदवून ठेवणाऱ्या यंत्रणेकडे, जाणारी कनेक्शन वीसची दोनशे केली होती.

आज पाटणचे शेतकरी आबा यांच्या हळदीवर बोली लागली आणि सगळं ठप्प झालं. एकाच वेळी दोनशे कामं अंगावर आल्यावर डेटाबेसला एकही धड उरकेना.

आबा टेबलाशी आले. "चालंना व्हय रं तुझं?"

"अर्धा तास द्या, आबा."

"दिला. पन त्येवढ्यात न्हाई झालं, तर पोती परत गाडीत तूच भरायची."

मी लॉग, म्हणजे सॉफ्टवेअरने स्वतःच्या कामाची ठेवलेली नोंद, वाचत गेलो. प्रत्येक बोलीनंतर शेतकऱ्याला मेसेज जातो. तो जाईपर्यंत आमचा कोड कनेक्शन उगाच अडवून ठेवत होता. बोली नोंदली की कनेक्शन सोडायचं आणि मेसेज नंतर पाठवायचा, एवढाच बदल केला. कनेक्शन पुन्हा वीसवर आणली.

फेरसौद्यात शेवटच्या मिनिटाला सगळे तुटून पडले, तरी प्रत्येक बोली नोंदली गेली. आबांची हळद विकली गेली.

यापुढे तेवढ्याच बोलींची खोटी गर्दी लावून तपासल्याशिवाय एकही बदल सौद्यावर चढवणार नाही. तुमच्याकडे कनेक्शन खरंच कमी पडतात, की कोणीतरी ती विनाकारण अडवून बसलंय? कधी पाहिलंय का?