गुणाआत्याच्या बकऱ्यांच्या झुली

कोपरा फाडलेलं कार्ड नागपूरला शाळेच्या पत्त्यावर आलं, तेव्हा मी वर्गावर होते. अक्षर दादाचं, माझ्या थोरल्या भावाचं. ‘गुणाआत्या परवा गेली. बिचारी सुटली.’ रडू येण्याआधी मला राग आला. आता महिना होत आला, रडून झालं, राग मात्र तसाच आहे. गावातही जो भेटला तो बिचारीच म्हणाला. म्हणून हे लिहायला बसले आहे. आमची आत्या काहीही असेल, बिचारी नव्हती.

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नवऱ्यानं दुसरी बायको घरात आणली त्याच दिवशी ती दोन बकऱ्या हाकत साखरखेर्ड्याहून निघाली आणि चिखलीजवळच्या आमच्या गावी आली. भावाच्या घरी मात्र राहिली नाही. “माहेरपणाले येईन, राहाले नाई,” असं तिनं वडिलांना तोंडावर सांगितलं. गावाच्या कडेला दोन खोल्या घेतल्या. दोनाच्या बारा बकऱ्या झाल्या, त्यांच्या दुधावर आणि करडांवर तिची चूल पेटायची. बकऱ्या गेल्या की आत्याला भावाच्या ओसरीवर येऊन बसावं लागणार, हे तिलाही ठाऊक होतं आणि तिचा ताठा मोडायची वाट पाहणाऱ्यांनाही.

मी नागपूरला मास्तरीण व्हायचं शिकत होते, त्या वर्षीच्या पौषात थंडीनं कहर केला. बकरी उन्हाला भीत नाही, पण थंडीपुढं तिचं काही चालत नाही. एका सकाळी दोन करडं आखडून मेलेली सापडली. त्याच दिवशी आत्यानं सगळा कळप स्वयंपाकघरात घेतला. ओल लागू नये म्हणून खाली तुराट्या अंथरल्या, वर तुरीचं कुटार, म्हणजे भुसकट पसरलं. संध्याकाळी बाभळीच्या शेंगा आणि मूठभर सरकी. पोट भरलेलं असलं की अंगात ऊब राहते, असं ती म्हणायची. सकाळी पाणी कोमट करून पाजायची. शेजारची हमीदाबी पिंजाऱ्याची बायको. तिनं घरचा टाकाऊ कापूस आणून दिला. नाताळच्या सुट्टीत मी आलेलीच होते. तिघींनी बसून गोणपाटाच्या घड्यांत तो कापूस भरला आणि दाभणानं बारा झुली शिवल्या.

गावाला आयताच विषय मिळाला. ‘गुणाबाईचा पोळा फुटला!’ म्हणून पोरंसोरं ओरडत हिंडली. इथवर ठीक होतं. मग पाटलाचा निरोप आला की झूल हा बैलाचा मान आहे, बकरीला घालून नंदीची विटंबना चालली आहे, उद्या चावडीवर येऊन सगळ्यांदेखत झुली काढाव्यात.

आत्या गेली. पण एकटी नाही, बाराही बकऱ्या झुलींसकट घेऊन गेली. विहिरीवर बायका असतात अशी वेळ साधून, भल्या सकाळी, मुद्दाम लांबच्या वाटेनं, बांधावरच्या ओल्या गवतातून. चावडीवर पाटील आणि तिघं पंच घोंगड्या लपेटून बसले होते.

“गुणाबाई,” पाटील म्हणाले, “बैलाची झूल बकरीले घालून तू देवाची थट्टा करून राह्यली.”

“पाटील, बैलाले झूल एक दिवस मिरवाले लागते. माह्या बकऱ्यायले थंडी रोज वाजते. काढीन मी झुली. पहिले तुम्ही चौघं घोंगड्या काढा, अन् माह्या बाराच्या बारा मोकळ्या होवस्तोवर तसेच बसा.”

कुणाचाही हात घोंगडीला गेला नाही... पाटील खाकरले आणि म्हणाले, “जाय घरी.”

तिथून ती सरळ घरी गेली असती तर! पण जिंकलेली आत्या साऱ्या गावातून मिरवत फिरली, मीही हसत मागोमाग. बांधावरच्या दहिवरानं झुली भिजून जड झाल्या होत्या, हे आम्हा दोघींच्या ध्यानातच आलं नाही. संध्याकाळी चांदी नावाची तिची सगळ्यात दुभती बकरी कुडकुडायला लागली. ओव्याचा काढा झाला, शेक झाला. तिसऱ्या दिवशी ती गेली. नंदीचा कोप झाला, हे गावभर व्हायला कितीसा वेळ लागतो?

आत्या न बोलावता चावडीवर गेली. “कोप-बिप काई नाई. दहिवरात मीच नेल्या, ओली झूल मीच अंगावर ठेवली. चूक माही हाय, झुलीची नाई.” घरी येऊन तिनं झुली चुलीपाशी वाळवल्या आणि उरलेल्या अकरा जणींना पुन्हा घातल्या. मग कोपऱ्यात बसून चांदीसाठी ढसाढसा रडली. चूक कबूल करताना मान इतकी ताठ ठेवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

त्यानंतर तिनं एक नेम धरला. रोज सकाळी दार उघडून आधी स्वतः बाहेर यायची, वाकून दारच्या गवतावर तळहात फिरवायची. हात कोरडा आला तरच “चाला गं” म्हणायची. तोवर एकीलाही उंबरा ओलांडू द्यायची नाही. हिवाळ्यामागून हिवाळे हेच चाललं.

मागच्या आठवड्यात मी गावी होते. बकऱ्या हमीदाबीला द्यायच्या, हे आत्यानं जाण्याआधी सांगून ठेवलेलं. तोवर त्या आत्याच्याच घरात होत्या, हमीदाबी येऊन त्यांचं करायची. तरी दादा सकाळी दोर घेऊन हजर, खामगावच्या बाजारात न्यायला.

“घरचं धन लोकाच्या दारी काऊन?” तो म्हणाला.

“आत्याचं होतं, आत्यानं दिलं,” मी म्हटलं.

त्यानं माझं ऐकलं नाही, दार उघडलं. बकऱ्या उंबऱ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. त्यानं ओढलं, दामटलं, शिव्या घातल्या. एकीनंही बाहेर खूर ठेवला नाही. दारचं गवत दहिवरानं पांढरं झालं होतं.

“या बकऱ्यायले झालं तरी काय बे?”

“गुणाबाई अभी बोली नहीं ना,” आपल्या अंगणातून येत हमीदाबी म्हणाली. ती दादाला ओलांडून आत शिरली, बकऱ्यांना मागं सारलं आणि आतून कडी घातली.