तीन वाजता दिसतं ते काम

तेराव्यानंतरचा दुसरा रविवार, दुपार. स्थळ: नौपाड्यातलं कुसुमआत्याचं घर. हजर: बाबा, आत्याचा मुलगा श्रीधर आणि मी. गैरहजर एकटी आत्या, आणि तिच्यावाचून चहा कोणी टाकायचा हेही आम्हाला ठरवता येईना...

ऐंशीच्या दशकात माझी बारावी झाली, तेव्हा बाबांनी माझ्यासाठी इंजिनियरिंग ठरवलं होतं आणि मी स्वतःसाठी वकिली. भांडण चांगलं जमतं, एवढीच माझी पात्रता. आत्या बाबांची मोठी बहीण, टेलिफोन खात्यात ऑपरेटर. तिचा नियम होता, कुठलंही काम पत्करण्याआधी ते दुपारी तीन वाजता जाऊन बघायचं. "सकाळी सगळेच हुशार दिसतात गं सुमे. जेवण अंगावर आल्यावर माणूस जे करतो, ते खरं काम."

तिने रजा टाकली आणि मला घेऊन निघाली. ठाण्याच्या कोर्टात तिच्या ओळखीचे वकील बाकावर बसले होते. आत्याने विचारलं, "यात सगळ्यात कंटाळवाणं काय?"

"हेच," म्हणत त्यांनी सरकून आम्हाला जागा करून दिली. बराच वेळ आम्ही तिघं पुकारा होण्याची वाट बघत बसलो. भांडण कुठेच नव्हतं. मानपाड्याच्या एका कारखान्यात इंजिनियर यंत्रावरच्या एका काट्याकडे टक लावून उभा होता. काटा हलला तर काय करता, असं आत्याने विचारलं. "हलू नये म्हणूनच मी आहे." मला तिथे उभ्या उभ्या डुलकी लागली. दातांच्या डॉक्टरांकडे तर पेशंटच्या आधी मीच आडवी झाले, चक्कर येऊन.

त्यानंतर डोंबिवलीला एका नातलगाचं लग्न आलं. कार्यालय दुमजली, दोन्ही मजल्यांवर लग्नं. वरच्या लग्नातलं वऱ्हाड चुकून खालच्या पंगतीला बसलं आणि खालच्यांचं श्रीखंड अर्ध्यावर आणलं. व्यवस्थापक डोक्याला हात लावून बसले. मी जेवणाऱ्यांना उठू दिलं नाही, खालच्यांना वर वाढलेल्या पानांवर नेलं, वरच्या जिलब्या मोजून खाली धाडल्या आणि भडकलेल्या विहीणबाईंना पंख्याखालची खुर्ची दिली. बाबा जिन्यात मठ्ठ्याचा पेला धरून उभे होते. आत्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दाखवलं.

"बाळ, तीन वाजलेत. सुमीला झोप आलीय का बघ."

"ताई, याला शिक्षण काय लागतं पण?"

"दोन विहिणी एकदम ओरडत असताना आपला आवाज चढू द्यायचा नाही. जा, तू करून दाखव."

बाबांनी मठ्ठा संपवला.

मी त्याच कार्यालयात कामाला लागले, पुढे ते सांभाळू लागले. बाबांनी अडवलं नाही, पण कोणी विचारलं की सांगत, "हॉल बघते, सध्या." आत्या जिथे असेल तिथून ओरडायची, "सध्या काय रे? तिने लावलेल्या लग्नांची पोरं शाळेत जायला लागली!"

तेराव्यानंतरच्या त्या रविवारी समोरच्या काकू भेटायला आल्या. बोलता बोलता त्यांनी बाबांना विचारलं, "ही मुलगी काय करते?"

"हॉल बघते..." बाबा माझ्याकडे बघत म्हणाले, "सध्या."

आणि मग आम्ही दोघंही स्वयंपाकघराकडे कान लावून बसलो.

ते 'सध्या' काढण्याचं काम आत्याकडे होतं. आता ते माझ्याकडे आलंय. अजून झालेलं नाही.