शेवटच्या सरीपासून

गोकुळ सरांना आम्ही बाकीचे शिक्षक पाठीमागे 'मोजपट्टी' म्हणायचो. कवठे येमाईजवळच्या वस्तीवरची आमची सातवीपर्यंतची शाळा, शिक्षक मोजून चार, आणि त्यात हे गृहस्थ पुण्याहून प्रशिक्षण घेऊन आले ते पोरांचा विचार मोजायचं वेड घेऊनच. पाठांतराला मार्क देणं म्हणजे पोपटाला पेरू देणं, असं म्हणायचे.

त्यांच्या चाचणीत आधी नुसते आठवायचे प्रश्न, मग समजून सांगायचे, आणि शेवटी स्वतःच्या डोक्यानं वाट काढायचे. उत्तरं संगणकात भरली की संख्याशास्त्राचं एक मॉडेल पोराची पातळी सांगे. मला त्यातलं काडीचं कळत नसे. सर मात्र पालकसभेत छातीठोक सांगत, "माणूस लबाडी करील, मशीन खोटं बोलत न्हाई."

दौंडकडच्या एका निवासी शाळेनं आठवीची निवड याच चाचणीवर ठरवली, तेव्हा सरांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांचा जीव वैष्णवीत अडकला होता. शाळेला लागूनच तिच्या बापाचं, जालिंदरचं शेवंतीचं रान. सातवी झाली की पोरगी रानात, हे त्याचं ठरलेलं. सरांनी त्याच्या ओट्यावर चपला झिजवल्या तेव्हा कुठं तो म्हणाला, "निवड झाली तर धाडतो. न्हाई झाली तर परत इषय काढायचा न्हाई."

निकालात वैष्णवीच्या नावापुढे गुण नव्हतेच. शेरा होता: उत्तरे संशयास्पद, ग्राह्य नाहीत. सोपे प्रश्न कोरे आणि अवघड जवळजवळ सगळे बरोबर. मॉडेलच्या लेखी असं पोर असूच शकत नाही. असलंच तर ते शेजारच्याचं बघून लिहितं.

सरांनी तिला बोलावलं.

"मी मागून सोडवत आले, सर. मधीच येळ सरला."

"मागून का गं?"

"फुलं तशीच तोडत्यात की. आधी लांबच्या टोकाला जायचं, आन् तोडत तोडत रस्त्याकडं यायचं. म्हंजी भरलेलं वझं लांब न्यावं लागत न्हाई. सोपं ते शेवटाला."

शाळेतही ती असंच सोडवायची. पण आमच्याकडे घड्याळ कोण बघतंय? उरलं तर "घे गं लिहून" म्हणून आम्ही गप्पा मारत बसायचो.

सरांनी दौंडला फोन लावला. तिकडच्या बाई म्हणाल्या, "संशयास्पद उत्तरं बाद, हा नियम तुम्हाला माहीत आहे, सर. आमच्या शिक्षकांना तो तुम्हीच शिकवलात." फेरपरीक्षा नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

संध्याकाळी मी सरांबरोबर जालिंदरकडे गेलो. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वैष्णवी दाराआड उभी होती.

"मशीन चुकलं, जालिंदर," सर म्हणाले.

"सभेत तर म्हणला व्हता, मशीन खोटं बोलत न्हाई. चुकतं, हे तवाच का न्हाई सांगितलं?" मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "समद्या वस्तीत बोभाटा झालाय, जालिंदरची पोरगी चोर निघाली. आता तुम्ही इषय काढू नका, सर."

मला जालिंदरचा राग आला, सरांचाही आला. सर दारात काढलेली चप्पल शोधत राहिले आणि ती त्यांच्या समोरच होती.

चाचणी अजून होते, वरून आदेशच आहे. पेपर वाटताना सर आता प्रत्येक वर्गाला दोनदा बजावतात, "पहिल्या प्रश्नापासून सोडवायचं." एवढं बोलून ते खिडकीशी जातात. बाहेर तोंडाला ओढणी गुंडाळून वैष्णवी तोडत तोडत शाळेकडेच येत असते. बांधाशी आली की टोपली ओतते आणि पाठ फिरवून परत लांबच्या टोकाला जाते.