बारी बाद झाल्यावर

गेल्या वर्षी होळीच्या आधीच्या सोमवारी सकाळी माझा मित्र मंचरच्या बाजारात कांद्याच्या पिशव्या उतरवताना हृदयविकाराने गेला. वय बावन्न. शर्यतींवरची बंदी उठल्यापासून आम्ही दोघे जुन्नर आणि आंबेगावातल्या यात्रांत बैलगाड्यांचे निवेदन करत होतो.

ओळख शर्यतीतच झाली. मी जुन्नरला एका दैनिकाचा बातमीदार, बातमी घ्यायला घाटावर गेलेलो. घाट म्हणजे चढाची धावपट्टी. एका वेळी एकच गाडा पळतो, त्याला बारी म्हणतात, आणि सेकंद मोजले जातात; ठरल्या वेळेत वर पोचला तर बारी बसली, नाही तर बाद. माइकवरच्या माणसाने एक वेळ चुकीची सांगितली. मी खालून दुरुस्त केली. त्याने मला मंचावर बोलावून माइक हातात दिला. "मग तुमीच सांगा राव. मला बैल दिसत्यात, आकडं दिसत न्हाईत."

तेव्हापासून वेळ मी सांगायची आणि बाकी सगळे त्याने. यात्रेच्या दिवशी सकाळी नारायणगावच्या स्टँडवर मिसळ खायची, मग गाडे उतरत असताना मालकांमध्ये फिरायचे. त्याची मागणी एकच असे. "प्रत्येकाची एक खरी गोष्ट दे. तिखटमीठ माझं."

एका वर्षी मी त्याला सांगितले, की वारूळवाडीकडच्या एका बागायतदाराने गोठ्यात कूलर बसवला आहे. त्या मालकाचे बैल अर्ध्या घाटातून मागे फिरले. मी म्हणालो, "बारी बाद." मित्राने माइक घेतला. "बाद कसली? बैल हिशेबी हायेत. घरी एवढं गार असताना उन्हात पळायचं कशाला?" मालक पोट धरून हसत होता. नंतर तो जेवणाच्या मांडवात भेटेल त्याला हा किस्सा स्वतःच सांगत होता. पुढे त्याची बारी दरवर्षी बाद झाली आणि दरवर्षी कूलरची चौकशी झाली. बसलेल्या बाऱ्यांच्या वेळा लोक विसरत. बाद बाऱ्यांवर माझा मित्र काय बोलला, ते वर्षभर चालायचे.

तो गेल्यानंतर चैत्रात, कूलरवाला यायचा त्याच घाटाची यात्रा आली. यात्रा कमिटीचे दोघे जुन्नरला घरी आले. बाहेरून निवेदक आणू का, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, वेळा सांगेन, विनोद होणार नाहीत. ते एकमेकांकडे बघून म्हणाले, चालेल.

सकाळपासून वेळा सांगितल्या. टाळ्या पडत होत्या. दुपारी कूलरवाल्याची बारी आली. बैल अर्ध्यापर्यंत गेले आणि मागे फिरले. मी म्हणालो, "बारी बाद." सवयीने माइक डावीकडे धरला. तिथे रिकामी खुर्ची होती.

मालक मंचाची शिडी चढून वर आला. "पत्रकार भाऊ, एवढंच?"

"एवढंच."

"आरं, मी पंचवीस पावणं घेऊन आलोय. बैल पळणार न्हाईत ह्ये त्यांना ठाव हाय. ते काय बैल बघायला आल्यात व्हय? काय तरी बोला, त्याबिगर मी खाली उतरत न्हाई."

"मला नाही जमत हो ते."

तो माझ्या कानाशी वाकला. "औंदा दुसरा कूलर बसवलाय."

मी माइक तोंडाशी आणला आणि वेळ सांगतो त्याच आवाजात सांगितले, "मालकांकडून आत्ताच मिळालेली माहिती. गोठ्यात दुसरा कूलर बसवण्यात आला आहे."

हसणे खालच्या टोकापासून सुरू झाले आणि घाट चढत वर आले. पाहुण्यांपैकी एकाने टोपी उडवली. मालक शिडी उतरताना थांबला.

"त्याच्यावानी न्हाई झालं," तो म्हणाला. "पण चालंल. पुढच्या वर्षी लवकर सांगीन, तयारी करून या."

खाली निशाण वर झाले. पुढची बारी तेरा सेकंदांत बसली.