शेजारच्या बाईंची सुपारी

कच्छच्या सहलीत गोळा केलेले ब्रॅकिओपॉड, म्हणजे समुद्रातल्या जिवांची दगड झालेली कवचं, मी अकोला-अमरावती बसमध्ये मांडीवर निवडत होतो. शेजारी एक जाडजूड बाई अडकित्त्यानं सुपारी कातरत होत्या. पलीकडे त्यांचा काडीसारखा नवरा.

"भाऊ, हे ओळखता कसे?"

"याची वरची-खालची कवचं सारखी नसतात. एक मोठं, एक लहान."

"मंग हे तं आमचंच जोडपं हाय!" नवऱ्याला कोपर मारून त्या खदखदून हसल्या.

तेवढ्यात बस उसळली. माझे दगड, त्यांच्या सुपाऱ्या, सगळं सीटखाली पळालं. बाईंनीच वाकून भराभरा वेचून दिलं, आणि दोघं मूर्तिजापूरला उतरले.

घरी पिशवी ओतली, तर सर्वांत देखणा ब्रॅकिओपॉड गायब, त्याच्या जागी एक अख्खी सुपारी! तो अडकित्त्यात धरल्यावर बाईंनी नवऱ्याला काय ऐकवलं असेल, या विचारानं मी आजही एकटाच हसतो.